कुंपणावरचे तंबू

कालिपाच्या उजव्या अंगठ्याची डोंगरपायथ्याच्या काराकोल गावातल्या सगळ्या तंबूवाल्यांना धास्ती होती. कापड समोर आलं की ती चष्मा शोधत बसायची नाही. दोन मुठींत कापड ताणायची, मधोमध अंगठा रेटायची आणि तोंड वाकडं करून निकाल द्यायची, "हे मेलंय. गाईच्या पाठीवर घाला." मालक हळहळायचा, दोनदा मान हलवायचा, पण वाद घालायची कुणाची छाती नव्हती. कालिपाआपा म्हणाली म्हणजे संपलं.

अंगठ्याला हा मान फुकट मिळाला नव्हता. जुन्या राजवटीत ती गिर्यारोहकांच्या तळासाठी तंबू शिवणाऱ्या शिवणखान्यात होती. तिथला जाड कॅनव्हास सुईला दाद देत नसे आणि एकेक तंबू सोळा किलोचा व्हायचा. राजवट गेली, शिवणखाना गेला, यंत्रं भंगारात गेली, तिनं आपलं एक यंत्र ओढगाडीवर घालून घरी आणलं. नवरा वारल्यावर त्या यंत्रानंच तिला पोसलं. माणसांपेक्षा कापडावर तिचा विश्वास जास्त होता आणि कापडापेक्षा स्वतःच्या अंगठ्यावर.

घराचं अंगण सामाईक होतं. दोन भावांनी समोरासमोर घरं बांधली आणि दोघेही लवकर गेले. मागे दोन विधवा राहिल्या, एक सफरचंदाचं झाड, एक नळ आणि अठ्ठावीस वर्षांचं वैर. धाकटी जाऊ रापिया ट्रेकिंगवाल्यांना सामान भाड्यानं द्यायची. तिचं बोलणं गोड, हसणं गोड, आणि कालिपाच्या मते ह्या दोन गोष्टी सोडल्या तर तिच्यात आणखी काही नव्हतंच.

वैराचं ताजं कारणही कापडच होतं. सासऱ्यांच्या वेळचे अकरा कॅनव्हास तंबू रापियाच्या दुकानात होते, अकराही कालिपाच्या हातचे. एका वसंतात रापियानं ते गवताच्या गंजी झाकायला विकून टाकले आणि त्यांच्या जागी बारा नवे मागवले. निळसर राखाडी, सिलिकॉन चोपडलेल्या नायलॉनचे, इतके पातळ की कापडाखाली हात धरला तर बोटं मोजता यावीत.

"जाऊबाई, उचलून तर बघा," रापिया म्हणाली. "सव्वा किलो."

"उचलायचं काय त्यात? मी शिंकले तर उडून जाईल."

"लोक पाठीवर घेऊन चालतात. तुमच्या तंबूला घोडा लागायचा."

"लागायचा. पण आजानं घेतलेल्या तंबूत नातू झोपायचा. हे तुझं काय आहे ते सांगू? माशीचा पंख आहे. तीन उन्हाळे टिकलं तर माझं नाव बदल."

"नावं ठेवायला तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही."

"आणि तुला विकायला."

तरी ते तंबू धुवायला, सुकवायला, ठिगळायला कालिपाकडेच आले. गावात दुसरे हात नव्हते आणि कॅनव्हासचं काम आटल्यामुळे कालिपालाही पोट भरायला दुसरं साधन नव्हतं. दोघींनाही ते मनापासून खुपायचं. रापिया तंबू आणून उंबऱ्याशी टाकायची, कालिपा "ठेव" एवढंच म्हणायची.

काम मात्र तिनं चोख केलं. शत्रूचं काम म्हणून तर जास्तच चोख. आमच्याकडे वस्तू जपायची एकच रीत आहे. लोकरीचे जाड नमदे असोत, गोधड्या असोत, पूर्वीचे कॅनव्हास असोत, ऊन दिसलं की बाहेर काढायचे, कुंपणावर पसरायचे, काठीनं झटकायचे. घडीत राहिलं की लोकरीला कसर लागते, दमट राहिलं की कॅनव्हास कुजतो. कालिपाची आई आजाऱ्यालासुद्धा आधी उन्हात बसवायची आणि मग डॉक्टर बोलवायची. तेव्हा रापियाचे तंबूही तसेच कुंपणावर चढले. एक टोळी परतली की दुसरी निघेपर्यंत, कधी चार दिवस, कधी दहा, सकाळी पहिल्या उन्हापासून. मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत अंगणाच्या तिन्ही बाजूंनी निळसर राखाडी कापड फडफडायचं. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, मनात कितीही काळं असू दे, कालिपाआपा जावेच्या वस्तू पोटच्या पोरासारख्या जपते. हे ऐकून ती आणखी काठी मारायची.

एका बाबतीत मात्र ती चोख नव्हती. प्रत्येक तंबूबरोबर त्याच कापडाची एक पिशवी आलेली होती, तंबू कोंबून भरायची. तंबू म्हणजे काय कोबी आहे कोंबायला, असं म्हणत कालिपा ते नमद्यासारखे गुंडाळून दोरीनं बांधायची. आणि पिशव्या तिच्या कोठीत जायच्या. बिनखिडकीची ती अंधारी कोठी, पिठाच्या कणग्या, कांद्याच्या माळा आणि आता खुंट्यांवर निळसर राखाडी पिशव्यांत वाळवलेले जर्दाळू, अक्रोड, घेवडा. बारा पिशव्यांपैकी नऊ तिनं अशा पचवल्या. रापियानं विचारलं तेव्हा ती जेवणासाठी पसरलेल्या दस्तरखानावरच्या रोटीला हात लावून म्हणाली, "ह्या रोटीची शपथ, तुझे ते परदेशीच हरवतात." रोटीची शपथ म्हटल्यावर पुढे बोलायचं नसतं. रापिया बोलली नाही, पण तिचं तोंड बोललं.

तिसऱ्या उन्हाळ्यात, जुलैच्या मध्यावर, खिंडीखालच्या तळावर दुपारी गारा आल्या. वीस मिनिटांचं काम. इतरांचे तंबू वाकले, डोलले आणि उभे राहिले. रापियाचे दोन तंबू मात्र माथ्यापासून पायथ्यापर्यंत उसवावेत तसे फाटले, आणि शिवणीवर नाही, धड कापडात. आतली चार माणसं भिजली, त्यातली एक शिक्षिका गारठून बोलायची थांबली. वाटाड्यांनी तिला घोंगड्यांत गुंडाळून घोड्यावरून खाली आणलं. बाई वाचली, पण आठवडाभर इस्पितळात होती.

त्यानंतर गावानं रापियाचं जिणं हराम केलं. सडके तंबू दिले, नकली माल आणला, माणसं मारायला निघाली, असं जो तो म्हणायला लागला. रापिया रडून सांगत होती की माल चांगल्या कंपनीचा आहे, तिनं खात्री करून घेतला होता, पण ऐकतो कोण. वाटाड्यांचा म्होरक्या जुमादिल आके, सगळ्यांचा थोरला दादा, सत्तरीचा, शब्दाला वजन असलेला माणूस, स्वतः कालिपाकडे आला.

"शनिवारी माझ्या अंगणात बसू. सगळे वाटाडे येतील. रापियाचं सामान पुढे घ्यायचं की नाही ते ठरवू. तू एक तंबू घेऊन ये आणि सगळ्यांसमोर अंगठा लावून दाखव. तू म्हणशील ते."

"मी तीन वर्षं हेच म्हणतेय."

"म्हणून तर तुला बोलावतोय."

तो गेल्यावर कालिपानं यंत्राला तेल घातलं. कित्येक वर्षांत गुणगुणली नव्हती, ती गुणगुणली. वाटाड्यांनी पाठ फिरवली की रापियाचं दुकान आठवड्यात बंद होणार, मग ती मुलीकडे बिश्केकला जाणार, मग अंगण, नळ आणि सफरचंद. हे तिला हवं होतं. हवं होतं हे ती स्वतःपासूनही लपवत नव्हती.

शुक्रवारी दुपारी बोहुमिल आला. ट्रेकिंगला आलेला चेक देशातला म्हातारा, लांब पायांचा, शाळेत शिकलेली रशियन घोगऱ्या आवाजात फेकणारा. अंगाला आठ दिवसांचा घामाचा वास. तंबूची चेन बदलून हवी होती. चहा दिला तर म्हणाला दूध नको होतं, पैसे सांगितले तर म्हणाला जास्त आहेत, आणि चेन दाखवली तर म्हणाला ही हलकी प्रत आहे. कालिपानं त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि तंबू ओढून मांडीवर घेतला.

तंबू निळसर राखाडी होता. त्याच कंपनीचा, कोपऱ्यात तीच खूण.

"कधी घेतलास?"

"चौदा वर्षं झाली."

"खोटं बोलतोस."

"पावती दाखवू? सांभाळून ठेवलीय." त्याची मुद्रा पाहून वाटलं, ह्याच्याकडे जन्मापासूनच्या सगळ्या पावत्या असणार.

कालिपानं कापड ताणलं. अंगठा रेटला. कापड दबलं आणि परत वर आलं. तिनं पुन्हा रेटला, नख लावलं, दुसऱ्या ठिकाणी रेटला. अंगठा दुखला, कापडाला काही झालं नाही.

"किती रात्री झोपलास ह्यात?"

"साडेतीनशेच्या वर. वहीत लिहून ठेवतो."

"मग टिकला कसा?"

"टिकणारच की. मी त्यात झोपतो, राहत नाही." म्हातारा वैतागून म्हणाला, जणू दोन अधिक दोन किती असं विचारलं होतं. "सूर्य बुडाला की उभारायचा, न्याहारीच्या आधी उतरवायचा. ओला असला तर सावलीत सुकवायचा. ह्या कापडाला उन्हात ठेवणारा माणूस गाढव. इतक्या उंचीवरचं ऊन तर..." त्यानं बोटांनी काहीतरी कुसकरून फेकल्यासारखं केलं, आणि मग खिडकीतून त्याला कुंपण दिसलं. तीन तंबू फडफडत होते. त्यानं कालिपाकडे पाहिलं. "तुमचे आहेत?"

"गाढवाचे," कालिपा म्हणाली. "चेन उद्या सकाळी मिळेल. जा आता."

तो गेला तसा तिनं दरवाजा लावून घेतला. गारांत फाटलेला एक तंबू कोपऱ्यात पडला होता. तिनं अंगठा लावला. तो सायीतून जावा तसा आरपार गेला. मग तिनं कात्री घेऊन तळाची शिवण उसवली. शिवणीच्या आत दोन बोटं कापड दुमडलेलं असतं, त्यावर ऊन कधी पडत नाही. तो पट्टा बाहेर आला तेव्हा निळसर राखाडीच होता, पहिल्या दिवशी होता तसा. बाहेरचं कापड त्याच्यापुढे पांढुरक्या राखेसारखं दिसत होतं. पट्ट्यावर अंगठा रेटला. पट्टा हलला नाही.

एकाच कापडाचे दोन भाग, मध्ये एक टाक्याची रेघ. पंचेचाळीस वर्षं शिवणी उसवणाऱ्या बाईला हे तीन वर्षांत दिसलं नव्हतं, कारण तिला बघायचंच नव्हतं.

ती कोठीत गेली. जर्दाळूंची पिशवी खुंटीवरून उतरवली. तीन वर्षं पाच किलो जर्दाळू लटकत होते त्यात, रोज काढघाल, रोज हिसके. तिनं जर्दाळू पिठाच्या कणगीच्या झाकणावर ओतले, पिशवी दोन पायांखाली दाबून दोन्ही हातांनी ओढली, दातांनी धरून ओढली. पिशवीनं दाद दिली नाही. अंधारात उभ्या उभ्या तिनं हिशेब केला. एका उन्हाळ्यात माणसं ह्या तंबूत चाळीस रात्री झोपायची आणि ती त्याला शंभर दिवस ऊन पाजायची. तंबू डोंगरावर झिजले नव्हते. तिच्या कुंपणावर मेले होते, आणि ती त्यांना काठीनं झोडपत उभी होती.

कालिपाला लाज वाटली. आणि लाज वाटली ह्याचा तिला इतका संताप आला की तिनं पिशवी भिंतीवर भिरकावली. ती म्हाताऱ्यावर चिडली, कंपनीवर चिडली, ज्या उन्हानं तिच्या आईचे नमदे ऐंशी वर्षं राखले त्या उन्हावर चिडली. आणि रापियावर तर चिडलीच, कारण आता रापियासाठी तोंड उघडावं लागणार होतं. गप्प बसता आलं असतं. अंगठा लावायचा, कापड फाटणार, सगळे मान डोलावणार. कुणालाही कळलं नसतं. पण ती घोड्यावरून आणलेली बाई तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. वाटाडे उद्या दुसरे तंबू घेणार आणि आपापल्या कुंपणावर टाकणार, तिचं बघून. आणि बोलायचं तर पिशवी दाखवावी लागणार. पिशवी दाखवायची म्हणजे रोटीची शपथ खोटी.

शनिवारी जुमादिल आकेच्या अंगणात वीसेक माणसं बसली होती. दस्तरखानावर चहा, पिठाचे तळलेले बोरसोक, मधोमध रोट्या. रापिया एका टोकाला बसली होती, डोळे सुजलेले, डोक्याचा रुमाल मात्र इस्त्रीचा. कालिपा आली तशी तिनं तोंड फिरवलं.

"दाखव, कालिपा," जुमादिल आके म्हणाला.

कालिपानं तंबू पसरला, कापड ताणलं आणि अंगठा घातला. कापड आवाज न करता फाटलं. एक तरुण वाटाड्या म्हणाला, "बघा. माशीचा पंख. कालिपाआपा पहिल्या दिवसापासून सांगत होती."

"गप्प बस," कालिपा म्हणाली. "माझं झालेलं नाही."

तिनं झोळीतून पिशवी काढली आणि त्याच्या अंगावर फेकली. "फाड."

"ही काय?"

"त्याच तंबूची, त्याच कापडाची. फाड म्हणते ना."

त्यानं ओढली. शेजारच्यानं दुसरं टोक धरलं. दोघांनी पाय रोवून ओढली, तसे लोक हसायला लागले. पिशवी होती तशीच.

"ही अंधारात होती," कालिपा म्हणाली. "तंबू उन्हात होता. तीन उन्हाळे मी रोज त्याला कुंपणावर टाकला. कापड वाईट नव्हतं. मला ते आजही आवडत नाही, उद्याही आवडणार नाही, पण ते मेलं नाही, मी मारलं. नीट ठेवलं असतं तर त्या बाईवर ती वेळ आली नसती."

दोन-तीन वाटाडे एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्या स्वतःच्या घरी त्या क्षणी कुंपणावर काय वाळत होतं ते त्यांना आठवत असावं.

मग रापियाचा आवाज आला, अगदी हळू. "ही पिशवी कुठे होती?"

"माझ्या कोठीत."

"आणि बाकीच्या?"

"नऊच्या नऊ माझ्या कोठीत."

"रोटीला हात लावून म्हणाला होतात तुम्ही."

"हो. म्हणाले होते." कालिपानं दस्तरखानावरच्या रोट्यांकडे पाहिलं आणि हात मांडीखाली घेतले. "खोटं म्हणाले."

तंबूपेक्षा ह्या एका वाक्यानं बैठक जास्त हादरली. कापड कुणाकडूनही बिघडतं, पण रोटी! म्हाताऱ्या माणसांनी खाली बघितलं. जुमादिल आकेनं चहाचा वाडगा कालिपासमोरून उचलला नाही, पण भरलाही नाही.

"मी खिडकीतून बघत होते तीन वर्षं," रापिया म्हणाली. "म्हणायचे, काही का असेना, हातानं प्रामाणिक आहे."

"तू बघत होतीस तर तूच का नाही बोललीस? तुझे नमदेही त्याच कुंपणावर होते."

"मी काही कापड ओळखणारी नाही, जाऊबाई. ते तुम्ही."

कालिपानं पिशवी ओढून घेतली आणि झोळीत घातली. वाटाड्यांनी ठरवलं की रापियाचं दुकान राहील, तंबू नवे येतील, आणि गावातलं कुठलंही पातळ कापड ह्यापुढे उन्हात पडणार नाही. कालिपा उठली, झोळी घेतली, आणि कुणी थांबवण्याआधी फाटकाबाहेर पडली. त्या चेक म्हाताऱ्याची चेन तिनं पहाटेच बसवून ठेवली होती, चांगल्या प्रतीची.

पुढचा महिनाभर रापिया एक शब्द बोलली नाही. आभार मानले नाहीत, भांडलीही नाही. नळावर कालिपा असली की बादली तशीच ठेवून आत जायची. वाटाडे कापड घेऊन यायचे, पण अंगठा लावून घेतल्यावर आता दुसऱ्या कुणालातरी विचारून खात्री करायचे. कालिपाला ते कळायचं. ती तोंड वाकडं करायची आणि गप्प बसायची.

ऑगस्टच्या अखेरीस नवे बारा तंबू आले, पुन्हा पातळच. रापिया ते घेऊन थेट अंगण ओलांडून आली. प्रत्येक तंबू आपापल्या पिशवीत कोंबलेला. दुसऱ्या हातात कडी आणि पितळी कुलूप.

"अख्ख्या अंगणात कोरडी अंधारी जागा एकच आहे," ती कालिपाकडे न बघता म्हणाली. "तुमची कोठी."

"मग?"

"मग तंबू तिथे राहतील. खुंट्या मोकळ्या करा."

कालिपानं जर्दाळू, अक्रोड, घेवडा मडक्यांत भरले आणि नऊ रिकाम्या पिशव्या घडी करून रापियाच्या हातात दिल्या. रापियानं त्या मोजल्या. एकेक तंबू खुंटीला लावला, बाहेर आली, दाराला कडी ठोकली, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

"कणग्या आत आहेत माझ्या," कालिपा म्हणाली. "पीठ आत आहे."

"लागेल तेव्हा सांगा. मी घरीच असते."

कालिपानं कुलपाकडे पाहिलं. अंगठा त्या पितळेवर ठेवला, जरा दाबला, आणि काढून घेतला. तेव्हापासून रोज सकाळी रोटीचं पीठ भिजवायच्या आधी ती अंगण ओलांडते आणि जावेच्या दारात उभी राहून किल्ली मागते.